माकप, माध्यमे आणि पक्षांतर्गत लोकशाही: एकाच प्रश्नाच्या दोन बाजू?

ओळंबा

महाराष्ट्रात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) डहाणू-तलासरी, सुरगाणा-कळवण, सोलापूर अशा मोजक्या टापूंत टिकून आहे. स्वतःच्या बळावर तो येथे कधी सत्तेत आला नाही, त्यामुळे त्याच्याविषयीचे आपले मत बहुधा त्याच्या मोर्च्यांवरून बनते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे रात्रीतूनच निघाले, ही गोष्ट मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. परंतु दखल घेतली जावी म्हणून ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना पायाला फोड येईपर्यंत चालावे लागते, तोच पक्ष राज्य चालवू लागला की वार्ताहरांशी कसा वागतो, हे पाहायचे असेल तर केरळ आणि पश्चिम बंगालकडेच वळावे लागते.

या पक्षाच्या माध्यमव्यवहाराची चर्चा एका खोलीत आणि त्याच्या अंतर्गत लोकशाहीची चर्चा दुसऱ्या खोलीत करण्याची आपली पद्धत आहे. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. पक्षाची घटना ‘लोकशाही केंद्रवादा’वर उभी आहे. समितीत हवे तेवढे भांडा, पण मतदान झाल्यावर अल्पमताने बहुमताचा निर्णय पाळायचा, खालच्या समितीने वरच्या समितीचा मानायचा, आणि मतभेद बाहेर बोलायचा नाही. म्हणजे मतभेद असणे हा गुन्हा नसून तो जाहीर होणे हा गुन्हा आहे. आता ज्या राज्यात हा पक्ष सरकार चालवतो तेथे पक्षाच्या राज्य समितीत काय ठरले हा साऱ्या जनतेच्या हिताचा विषय असतो, आणि ते अधिकृतपणे सांगितले जात नसल्याने ते फुटते. केरळमध्ये व्ही. एस. अच्युतानंदन आणि पिनराई विजयन यांच्यातल्या वर्षानुवर्षांच्या संघर्षाची जवळजवळ प्रत्येक फेरी मल्याळम वर्तमानपत्रांनी आतल्या माणसांकडून मिळवून छापली. त्यावर पक्षाचे तत्कालीन राज्य सचिव विजयन यांचे उत्तर होते ‘माध्यम सिंडिकेट’, म्हणजे बातमी देणारे सगळे एका कटात सामील आहेत. मे २००७ मध्ये दोघांनी एकमेकांविरुद्ध जाहीर वक्तव्ये केली म्हणून पॉलिट ब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतून, दोघांनाही निलंबित करण्यात आले, आणि त्या वेळी अच्युतानंदन मुख्यमंत्री होते! आतले दार बंद असल्यामुळे बातमी खिडकीतून बाहेर पडते आणि मग राग खिडकीवर काढला जातो.

याविषयी या चर्चामंचावरील सभासदांचे काय मत आहे? विशेषतः ज्यांनी केरळ जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे.

लाल बावटा

प्रस्ताव विचार करण्याजोगा आहे, पण निवड सोयीची आहे. केरळची मोठी वर्तमानपत्रे तटस्थ पंच आहेत असे गृहीत धरूनच तुम्ही सुरुवात केली आहे. ५ एप्रिल १९५७ रोजी शपथ घेतलेले केरळमधले नंबूद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार ३१ जुलै १९५९ रोजी बहुमत असतानाही बरखास्त झाले आणि त्यापूर्वीच्या ‘विमोचन समरम्’ला, म्हणजे त्या सरकारविरोधी आंदोलनाला, ‘मलयाळ मनोरमा’सारख्या वृत्तपत्रांनी उघड पाठबळ दिले होते. ही स्मृती ज्या पक्षाच्या हाडीमाशी आहे, त्याने माध्यमांकडे संशयाने पाहिले तर त्याला केवळ असहिष्णुता म्हणता येणार नाही. १९४२ साली साप्ताहिक म्हणून निघालेले आणि १९४६ पासून दैनिक झालेले ‘देशाभिमानी’ हे स्वतःला पक्षाचेच मुखपत्र म्हणवते, तटस्थतेचा मुखवटा लावत नाही. आपल्याकडे ‘सामना’ किंवा ‘प्रहार’ कोणाचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. मग ‘देशाभिमानी’चेच वाटण्याचे कारण काय?

दुसरे असे की, माध्यमस्वातंत्र्यावर केंद्राकडून घाला आला तेव्हा हा पक्ष कोठे उभा होता तेही पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये ‘मीडियावन’ वाहिनीचे प्रक्षेपण केंद्राने थांबवले तेव्हा पक्षाने त्याचा निषेध केला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा तो आदेश रद्द केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाच्या प्रकरणातल्या छाप्यांत दिल्ली पोलीस पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस सीताराम येचुरी यांना मिळालेल्या सरकारी निवासस्थानापर्यंत पोहोचले. पैशांच्या बाबतीत तर तुलनाच नको. निवडणूक रोखे पक्षाने स्वीकारले नाहीतच, उलट त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये हा पक्ष होता आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरली.

पेरियारकाठ

नोकरीनिमित्ताने मी बरीच वर्षे कोची परिसरात राहतो आहे आणि मल्याळम वृत्तपत्रे वाचण्याइतकी भाषा शिकलो आहे, म्हणून लिहितो. ‘मनोरमा’विषयीचे म्हणणे खरे आहे, पण त्याला साठ वर्षे उलटून गेली. आजच्या वार्ताहरांना त्या पापाचे प्रायश्चित्त का? ३१ जुलै २०१७ रोजी तिरुवनंतपुरमच्या मॅस्कट हॉटेलात मुख्यमंत्री विजयन यांनी भाजप आणि संघाच्या नेत्यांसोबत शांतता बैठक बोलावली होती. राज्यात राजकीय हत्या होत होत्या, लोकांना काहीतरी तोडगा निघावा असे वाटत होते आणि वार्ताहर छायाचित्रे घेण्यासाठी दालनात आले होते. त्यांना उद्देशून मुख्यमंत्री म्हणाले, ‘कडक्कू पुरत्तु’, म्हणजे ‘चालते व्हा बाहेर’. बैठकीत वार्ताहर नकोत हे म्हणण्याचा त्यांना अधिकार होता आणि ते एखाद्या अधिकाऱ्याकरवी सौम्यपणे सांगता आले असते. ते दोन शब्द मात्र त्यानंतर केरळच्या बोलीतच जाऊन बसले. टोमणा मारायचा झाला की विरोधक आणि समर्थक दोघेही तेच वापरतात.

त्याहून गंभीर मला सप्टेंबर २०२४ मधला प्रसंग वाटतो, कारण तेथे राग नव्हता, व्यवस्था होती. ‘द हिंदू’ने विजयन यांची मुलाखत छापली. तिच्यात मलप्पुरम जिल्ह्यात पकडलेले तस्करीचे सोने आणि हवालाचा पैसा यांचा संबंध देशविरोधी कारवायांशी जोडणारी वाक्ये होती. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा, त्यामुळे गदारोळ उठला. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने आपण असे बोललोच नाही असे कळवले. मग वर्तमानपत्राने खुलासा केला की ही वाक्ये मुलाखतीत उच्चारली गेलीच नव्हती, जनसंपर्क संस्थेच्या प्रतिनिधीने ती नंतर लेखी पाठवून घालण्याची विनंती केली होती. ती घालणे ही आपली चूक होती असे मान्य करून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मुख्यमंत्र्यांनी आपण किंवा सरकारने कोणतीही जनसंपर्क संस्था नेमली नसल्याचे सांगितले आणि मुलाखतीचा प्रस्ताव पक्षाच्या एका माजी आमदाराच्या मुलाकडून आल्याचे स्पष्ट केले.

आता प्रश्न असा की, संस्था नेमलीच नव्हती तर तिची माणसे मुख्यमंत्र्यांच्या मुलाखतीच्या वेळी हजर कशी आणि मुख्यमंत्र्यांच्या तोंडी वाक्ये घालण्याची हिंमत त्यांच्यात कोठून आली? वर्तमानपत्राने चूक कबूल केली. सरकारने आपल्याकडचा भाग कधी पुरता उलगडून सांगितला असे मला दिसले नाही. भांडवली माध्यमांच्या ‘बातमी-निर्मिती’वर टीका करणाऱ्या पक्षाच्या सर्वोच्च नेत्याची मुलाखत अशा रीतीने घडावी याची मला खंत वाटते.

वकीलबाई

केरळ पोलीस कायद्यातल्या कलम ११८-अ चा उल्लेख अद्याप कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या दृष्टीने माध्यमस्वातंत्र्याविषयीच्या कोणत्याही मूल्यमापनाचा तो कणा असला पाहिजे, कारण भाषण आणि वर्तन यांपेक्षा कायद्याचा मसुदा हेतू अधिक स्वच्छ सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले, आणि त्याच निकालात केरळ पोलीस कायद्याचे कलम ११८(ड) हेही रद्द केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्याच केरळ पोलीस कायद्यात अध्यादेशाने ११८-अ घालण्यात आले. कोणत्याही संपर्कमाध्यमातून, खोटे आहे हे ठाऊक असताना, एखाद्याला धमकावणारा, अपमानित करणारा किंवा बदनाम करणारा आणि त्याच्या मनाला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला इजा पोहोचवणारा मजकूर प्रसृत केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समाजमाध्यमांवर महिलांचा होणारा छळ हे कारण देण्यात आले होते आणि तो छळ खरा होता. पण मसुद्यात ना महिलांचा उल्लेख, ना समाजमाध्यमांचा. ‘कोणत्याही संपर्कमाध्यमातून’ या शब्दांत वर्तमानपत्र आले, वाहिनी आली, भिंतीवरचे पोस्टरही आले. मजकूर खोटा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते की नाही, हे आधी ठरवणार ठाण्यातला अधिकारी. ‘मनाला इजा’ मोजण्याचे माप कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

राज्यपालांची स्वाक्षरी २१ नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर झाली आणि २३ तारखेला मुख्यमंत्र्यांनी त्याची अंमलबजावणी करणार नसल्याचे सांगितले. पुढे दुसऱ्या अध्यादेशाने ते मागे घेतले गेले. ही माघार पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाच्या दबावाने झाली, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. बहुतेक पक्षांत मुख्यमंत्र्याला असा फेरविचार करायला लावणारे कोणी शिल्लक नसते.

ओळंबा

वकीलबाईंनी मांडलेल्या शेवटच्या मुद्द्यात माझ्या प्रस्तावाला छेद देणारे काहीतरी आहे, म्हणून मी तेथे थोडा थांबतो. ११८-अ च्या बाबतीत लोकशाही केंद्रवादाने माध्यमस्वातंत्र्य वाचवले, कारण वरच्या समितीचे खालच्यावर चालते. मात्र हेही लक्षात घ्यावे की केंद्रीय नेतृत्वाला हस्तक्षेप करावा लागला तो देशभर ओरड झाल्यावर. मसुदा मंत्रिमंडळात आणि पक्षाच्या राज्य समितीच्या सावलीत तयार होत असताना ‘हे ६६-अ चेच दुसरे रूप आहे’ असे आत कोणी म्हणाले असेल, तर ते आपल्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकृत मार्गच नव्हता. आणि कोणी म्हणालेच नसेल, तर ती अधिक चिंतेची बाब आहे.

निवडणूक रोख्यांविषयी लाल बावटा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण केवळ रोखे नाकारले म्हणून पैशांचा प्रश्न मिटत नाही. २००७ मध्ये लॉटरीच्या व्यवसायातले सँटियागो मार्टिन यांच्याकडून ‘देशाभिमानी’ने दोन कोटी रुपये रोख्यांच्या रूपाने घेतल्याचे उघड झाले आणि टीकेनंतर ते परत करावे लागले. गंमत अशी की याच मार्टिन यांची कंपनी पुढे निवडणूक रोख्यांची देशातली सर्वांत मोठी खरेदीदार निघाली. तसेच, जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले तेव्हा माकपने इतरांप्रमाणेच त्याला विरोध केला. पक्षातली अंतर्गत चर्चा गोपनीय राहिली पाहिजे हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. म्हणजे पुन्हा तेच बंद दार.

तटस्थ

करुवन्नूर सहकारी बँकेचे प्रकरणही येथे यायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते लगेच कळेल. पतसंस्था आणि जिल्हा बँका कशा पोखरल्या जातात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्रिशूर जिल्ह्यातल्या या बँकेत ठेवीदारांचे पैसे अडकले, संचालक मंडळ पक्षाच्या माणसांचे होते आणि ईडीने पुढे पक्षालाच आरोपी केले. पक्ष हे आरोप राजकीय सूडाचे म्हणून नाकारतो आणि ईडीचा अलीकडचा इतिहास पाहता ते म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. पण ठेवीदाराचे अडकलेले पैसे ही ईडीची निर्मिती नव्हे.

सोलापूरकर

लोकशाही केंद्रवाद प्रत्यक्षात कसा चालतो याचे उदाहरण आमच्या गावातच आहे. आडम मास्तरांनी, म्हणजे नरसय्या आडम यांनी, विडी कामगार महिलांसाठी कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली, आणि पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे-नगरचे काम हाती घेतले. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान त्या कामासाठी सोलापुरात आले असता मास्तरांनी व्यासपीठावरून मोदी आणि फडणवीस यांचे कौतुक केले. पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले.

ज्यांना एका खोलीत विड्यांची दोन सुपे, चूल आणि सहा माणसे असे आयुष्य ठाऊक आहे, त्यांना घर मिळत असताना मास्तर चार चांगले शब्द बोलले तर त्यात बिघडले काय असे वाटले. माझ्या शेजारच्या काकूंना ‘निलंबन’ म्हणजे काय हे समजावून सांगताना माझीच पंचाईत झाली. त्या म्हणाल्या, ‘मास्तर कुठं गेले नाहीत ना? मग झालं.’ आणि खरेच, मास्तर पक्षातच राहिले, शिक्षा भोगली, पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या कोणत्याही पक्षात एवढ्यावरून माणूस समोरच्या गोटात गेला असता. म्हणून या शिस्तीला नुसती हुकूमशाही म्हणणे मला पटत नाही. तिच्यात काहीतरी असे आहे की माणसे ती मनापासून मान्य करतात.

पेरियारकाठ

सोलापूरकर, तुमचे उदाहरण सुंदर आहे, परंतु शिस्त न मानता बाहेर पडणाऱ्याचे काय होते हेही याच धाग्यात नोंदवले पाहिजे. कोळिकोड जिल्ह्यातल्या ओंचियमचे टी. पी. चंद्रशेखरन हे पक्षाचे तळमळीचे कार्यकर्ते होते. नेतृत्वाशी मतभेद झाल्यावर त्यांनी वेगळा पक्ष काढला. ४ मे २०१२ च्या रात्री त्यांच्या मोटारसायकलला गाडीची धडक देऊन त्यांच्यावर वार करण्यात आले. शरीरावर ५१ जखमा होत्या. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत माकपचे तीन स्थानिक नेते होते, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून काहींची शिक्षा वाढवली. पक्षाने हत्येत आपला हात असल्याचे नेहमीच नाकारले, पण दोषी ठरलेल्या एका नेत्याचे स्थान क्षेत्र समितीत तुरुंगात असतानाही कायम राहिले. पक्षात राहून त्या हत्येविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला मोठा आवाज एकच होता, अच्युतानंदन यांचा. ते चंद्रशेखरन यांच्या पत्नीला भेटायला गेले आणि त्यांनी ती भेट पोटनिवडणुकीच्या मतदानाच्या दिवशीच घेतली. पक्षाच्या दृष्टीने ती बेशिस्त होती. मला विचाराल तर त्या काळात पक्षाची अब्रू ज्या एका कृतीने राखली ती तीच.

लाल बावटा

हत्येचे समर्थन कोणीही करणार नाही, मीही करत नाही. केरळमध्ये माकपचेही शेकडो कार्यकर्ते मारले गेले आहेत, हे वाक्य अशा वेळी हिशेब फेडल्यासारखे वाटते म्हणून मी ते लांबवत नाही. मात्र ‘लोकशाही सचोटी’ हा शब्द वापरायचा तर निवडणुकीतला पराभव पक्ष कसा स्वीकारतो हेही मोजा. बंगालमध्ये ३४ वर्षांनंतर २०११ मध्ये सत्ता गेली, ती पक्षाने सुखासुखी सोडली.

तटस्थ

सोडली हे खरे. त्याआधी बंगालमध्येच भूसंपादनाच्या विरोधावरून नंदीग्राम झाले हेही खरे. १४ मार्च २००७ च्या पोलीस गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले, आणि नोव्हेंबरमध्ये पक्षाचे कार्यकर्ते गावे ‘परत ताब्यात’ घेत असताना वार्ताहरांना रस्त्यातच अडवले जात होते. ‘त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळाले’ अशा अर्थाचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांचे विधान देशभर गाजले. मार्च २०२३ मध्ये केरळात एसएफआय या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते ‘एशियानेट न्यूज’च्या कोची कार्यालयात घुसले आणि दोन दिवसांत पोलीस त्याच वाहिनीच्या कोळिकोड कार्यालयाची झडती घ्यायला पोहोचले, तेव्हा मला नंदीग्रामचे ते अडवलेले रस्ते आठवले. वाहिनीची बातमी सदोष होती की नाही हा न्यायालयाचा विषय होता. विद्यार्थी संघटनेचा तो विषय नव्हता.

लाल बावटा

‘एशियानेट’च्या कार्यालयात घुसणे चूकच होते. पण आपण पक्षाला नेमके काय करायला सांगत आहात? प्रत्येक समितीतले प्रत्येक भांडण छापायचे? पक्षाच्या अधिवेशनाआधी दोन महिने राजकीय ठरावाचा मसुदा जाहीर होतो आणि शाखेपासून वरपर्यंत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. असा प्रघात असलेला दुसरा मोठा पक्ष दाखवा. जानेवारी २०१८ मध्ये सरचिटणीस येचुरी यांचाच मसुदा केंद्रीय समितीने ५५ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळला होता. सर्वोच्च नेत्याचा असा पराभव काँग्रेस किंवा भाजपच्या कार्यकारिणीत आपण पाहिला आहे काय?

ओळंबा

नाही पाहिला, आणि या मुद्द्यावर माकप इतर पक्षांच्या बराच पुढे आहे हे मी निःसंकोच मान्य करतो. येचुरींच्या त्या पराभवानंतर एप्रिलमध्ये हैदराबादच्या अधिवेशनात मसुदा बदलला गेला आणि त्यांची भूमिका बऱ्याच अंशी मान्य झाली. मात्र यात विरोधात गेलेली मते किती आणि कोणाची, हे सामान्य पक्षसदस्याला ‘मनोरमा’, ‘हिंदू’, ‘टेलिग्राफ’ यांतूनच वाचावे लागले. ज्या आकड्याचा आपण अभिमानाने उल्लेख केला, तो फुटलेल्या बातमीचाच आकडा आहे.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. समितीत मतदान झाले तर किती विरुद्ध किती हे पक्षाने स्वतः जाहीर करावे आणि अल्पमताचे म्हणणे एक पानभर का होईना, पक्षाच्या मुखपत्रात छापावे. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईच्या अधिवेशनात आपल्या नाशिकचे कामगारनेते डॉ. डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी अधिकृत यादीच्या विरोधात उभे राहिले. गुप्त मतदान झाले आणि त्यांना ३१ मते पडली. ते उभे राहू शकले आणि पक्षातच राहिले, ही बाब पक्षाच्या बाजूची आहे. पण त्यांचे म्हणणे काय होते आणि त्या ३१ जणांना ते का पटले, हे तलासरीच्या किंवा सुरगाण्याच्या शाखेतल्या सदस्याला ‘जीवनमार्ग’ हे पक्षाचे मराठी मुखपत्र उघडून वाचता आले पाहिजे.

लाल बावटा

एक पान छापण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र विरोधकांच्या हाती ते पान पडल्यावर त्याचे मथळे कसे होतील याची मला खात्री आहे.

वकीलबाई

ते मथळे आजही होतातच, आणि अर्धवट माहितीवर होतात.